मदत हवी आहे: बिग बँडसाठी ट्रॉम्बोन सोलो असलेली अरेंजमेंट सुचवा

नमस्कार मंडळी,

मी टोरंटोजवळ राहते आणि इथल्या एका हौशी बिग बँडमध्ये (जॅझचा मोठा वाद्यवृंद) दुसरा ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) वाजवते. पुढच्या कार्यक्रमात एक तरी रचना ट्रॉम्बोनला पुढे आणणारी हवी, असं आमच्या संचालकांनी ठरवलंय. सोलो माझ्याकडे आलाय आणि निवडही मीच करायची आहे. फार आनंद झालाय, पण आठवडाभर ऐकून ऐकून डोकं गरगरायला लागलंय, म्हणून हा धागा.

बँड नेहमीचाच: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बेस, ड्रम्स. तयारी मध्यम. मी मधल्या सीच्या वरच्या बी-फ्लॅटपर्यंत निवांत पोचते, त्यापुढचा भरवसा नाही. वेगवान बीबॉप (गुंतागुंतीची जॅझ शैली) आवाक्याबाहेर आहे. संथ लय आणि लांब ओळी जमतात. लहानपणी गाणं शिकले असल्यामुळे स्लाइडवर (सरकत्या नळीवर) मींड घ्यायला मनापासून आवडतं. (अर्थात स्लाइडच्या पोझिशन सातच, त्यामुळे सलग मींड सहा अर्धस्वरांपलीकडे जात नाही. हे बसवताना ध्यानात ठेवावंच लागतं.)

अडचण अशी आहे. मागे आम्ही एक अरेंजमेंट (बँडच्या प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेली मांडणी) विकत आणली होती, वर ठळक अक्षरांत ‘ट्रॉम्बोन फीचर’ लिहिलेली. पहिला कोरस (गाण्याचा एक पूर्ण फेरा) छान गेला. दुसऱ्या कोरसला दोन टेनर सॅक्स आणि उरलेले तीन ट्रॉम्बोन नेमके सोलोच्याच पट्टीत येऊन बसले. सगळे हळू वाजवत होते, तरी सोलो दिसेनासा झाला. ट्रम्पेट किंवा आल्टो सगळ्यांच्या वर तरंगतात, ट्रॉम्बोनला ती सोय नाही. त्याचा सुंदर आवाज मधल्या पट्टीत आहे आणि बिग बँडमध्ये सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. म्हणून मला अशी अरेंजमेंट हवी आहे जिच्यात लिहिणाऱ्याने ट्रॉम्बोनसाठी जागा मोकळी ठेवलीय आणि बँड त्याच्याशी बोलतोय. नुसता सोलो आणि मागे लांबवलेले सूर, असं नको.

आतापर्यंत काय काय ऐकलं ते सांगते. ट्रॉम्बोनवादक बँडप्रमुख टॉमी डॉर्सीचं सिग्नेचर गाणं अर्थातच पहिलं. तो रेशमी आवाज, उंच पट्टीत, एका श्वासात इतकी लांब ओळ! गायक फ्रँक सिनात्राने श्वासाची शिस्त त्याच्याकडून उचलली, ते ऐकताना लगेच पटतं. पण ती उंची मला झेपणार नाही. वुडी हर्मनच्या बँडसाठी राल्फ बर्न्सने लिहिलेलं १९४५ चं ‘बिजू’ फार आवडलं, त्यातला बिल हॅरिसचा खरखरीत, थरथरणारा आवाज तर विलक्षण आहे. स्टॅन केंटनच्या बँडसाठी बिल रूसोने ट्रॉम्बोनवादक फ्रँक रोझोलिनोला समोर ठेवून लिहिलेलं ‘फ्रँक स्पीकिंग’ ऐकलं आणि आदराने बाजूला ठेवलं. गिल एव्हान्सच्या ‘व्हेअर फ्लेमिंगोज फ्लाय’मध्ये जिमी नेपर जे वाजवतो ते माझ्या मनातल्या आवाजाच्या सगळ्यात जवळचं आहे. त्यात ट्रॉम्बोनभोवती इतकी हवा खेळती आहे! पण तिथे बासरी, बसून, ट्यूबा असा वेगळाच ताफा आहे. आमच्याकडे तो कुठून आणणार?

आणि मग बँडप्रमुख व संगीतकार ड्यूक एलिंग्टन. १९४० चं ‘को-को’ ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. तीन मिनिटांहून छोटी रचना, ई-फ्लॅट मायनरमधला बारा बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा भागांचा ब्लूज. सुरुवातीला हुआन तिझोल व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवर (स्लाइडऐवजी झडपांचा ट्रॉम्बोन) छोटा तुकडा टाकतो, सॅक्स सेक्शन उत्तर देतो, पुन्हा तो, पुन्हा ते. मग ट्रिकी सॅम नॅन्टन प्लंजर घेऊन दोन कोरस वाजवतो. बेलमध्ये (वाद्याच्या रुंद तोंडात) ट्रम्पेटचा छोटा म्यूट (आवाज बदलणारं बूच) आणि वरून तुंबलेलं सिंक मोकळं करायच्या पंपाचं रबर. ‘या, या’ असा माणसासारखा आवाज येतो. एकाच सेक्शनमधले दोन वादक, दोन पूर्ण वेगळे स्वभाव, आणि तिसरा लॉरेन्स ब्राउन तिथेच बसलेला. एलिंग्टन वाद्यासाठी नाही, त्या त्या माणसासाठी लिहायचा.

तर माझे प्रश्न:

हौशी बँडने ‘को-को’ला हात घालावा का? सहा फ्लॅट (कोमल सुरांच्या खुणा) पाहून आमचा ट्रॉम्बोन सेक्शन आधीच कुरकुरतोय.

ते नको असेल तर माझ्या आवाक्यातलं, नेहमीच्या बँडला चालणारं बॅलड कोणतं?

विकतच्या अरेंजमेंटमध्ये सोलोमागची गर्दी कमी करायची तर काय करता? टोरंटोत राहून रॉब मॅककॉनेलचं नाव न घेणं शक्यच नाही. स्वतः व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवाला, आणि १९६८ साली ‘बॉस ब्रास’ सुरू केला तेव्हा त्यात सॅक्सोफोन नव्हतेच. पण त्याचे चार्ट (लिहिलेल्या अरेंजमेंट) आम्हाला जड जातात.

प्रतिसाद

मी टेनर सॅक्स वाजवतो, म्हणजे तुमचा सोलो झाकणाऱ्यांपैकीच एक. तुमचं निदान बरोबर आहे. आमच्याकडे तालमीत पेन्सिलीने पार्टवर ‘दुसऱ्या वेळीच वाजवा’ असं लिहितात. सोलोमागे बाकीचे तीन ट्रॉम्बोन पूर्ण गप्प ठेवा, नाहीतर कोण सोलो वाजवतंय हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. सॅक्समध्ये खाली बॅरिटोन राहू द्या, टेनर थांबवा. ट्रम्पेटना म्यूट लावून वरच्या पट्टीत ठेवा. आणि तुम्ही रांगेत बसून वाजवू नका, पुढे या.

बॅलडसाठी सॅमी नेस्टिकोचे चार्ट बघा. काउंट बेसीसाठी लिहिणारा हा माणूस स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा, त्यामुळे वाद्याला श्वास कुठे लागतो हे त्याला माहीत होतं.

पण खरं सांगू? ‘को-को’च करा. सहा फ्लॅट फक्त तुम्हाला आणि पियानो-बेस-गिटारला आहेत. बाकीच्या वाद्यांचे सूर वेगळ्या पट्टीत लिहितात, त्यामुळे आल्टोला तो सी मायनर दिसतो, टेनर आणि ट्रम्पेटला एफ मायनर. तिझोलचा भाग तुमच्या शेजारच्याला द्या, साध्या स्लाइडवरही वाजतो. नॅन्टनचे दोन कोरस तुम्ही घ्या. त्यात उंची दाखवायची नाही, रबराची उघडझाप आणि घशातून गुरगुरणं, एवढ्यावर सगळं आहे. लय मात्र सैल पडू देऊ नका.

धागाकर्ती

मनापासून आभार! आल्टोला तीनच फ्लॅट, हे सांगितल्यावर आमच्या सॅक्सवाल्यांचे चेहरे उजळले. तिझोलचा भाग पहिल्या खुर्चीवरच्या काकांनी लगेच मागून घेतला. नेस्टिकोही ऐकतेय, ते पुढच्या खेपेला.

आता एकच. हार्डवेअरच्या दुकानातून रबर आणलं, ते बेलवर व्यवस्थित बसतंय. आतल्या म्यूटचं कळत नाहीये. नॅन्टनसारखा ट्रम्पेटचा स्ट्रेट म्यूट घेतला तर माझ्या मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) वाद्यात तो आत घसरतो. त्यापेक्षा ट्रॉम्बोनचा पिक्सी म्यूट (रबराखाली मावणारा छोटा म्यूट) घेऊ का? कोणी वापरला असेल तर खालच्या एफच्या आसपास सूर किती चढतो तेवढं सांगा.