पैसे घेणारं प्रत्येक जर्नल बोगस असतं का?

माटुंग्याचा_मास्तर
यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन जर्नलांची यादी, बंद केल्याचं जाहीर केलं. जर्नल खरं की बोगस, हे आता कॉलेजांनीच ठरवायचं. आमच्या कॉलेजच्या समितीने अर्ध्या तासात नियम काढला : लेखकाकडून पैसे घेतले की जर्नल बाद. मला हा नियम साफ चुकीचा वाटतो.

ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे वाचकाला फुकट. मग खर्च लेखक, संस्था किंवा सरकार, कोणीतरी उचलणारच. बोगस जर्नलचा गुन्हा वेगळा आहे : परीक्षणाच्या, म्हणजे छापण्याआधी विषयातल्या जाणकारांनी लेख तपासण्याच्या, नावाखाली पैसे घ्यायचे आणि परीक्षण करायचंच नाही. जॉन बोहॅनन या पत्रकाराने 2013 मध्ये 'सायन्स'साठी मुद्दाम ढोबळ चुका घालून एक खोटा पेपर बनवला आणि तो 304 ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना पाठवला. 157 जणांनी स्वीकारला. पैसे घेणाऱ्या प्लॉस वन या जर्नलने नाकारला, आणि एल्सेव्हियर व सेज या बड्या प्रकाशकांच्या छत्राखालच्या जर्नलांनी घेतला! आमच्या समितीचा नियम लावला तर प्लॉस वन पहिल्याच फेरीत बाहेर.

डोंबिवली_फास्ट
सर, प्लॉस वनची फी दोन हजार डॉलरच्या वर आहे. विनाअनुदानित कॉलेजातला माणूस ती कुठून आणणार? फी माफ होणाऱ्या गरीब देशांत भारत धरत नाहीत. समितीचा नियम ढोबळ आहे, मान्य. पण आमच्यासारख्यांचा खिसा त्यानेच वाचतो. 'तीन दिवसांत प्रसिद्धी, प्रमाणपत्रासह' अशा मेल रोज येतात. त्या पाठवणाऱ्यांना 'आम्ही पैसे देत नाही' एवढं एकच उत्तर पुरतं.

कालिनाची_ग्रंथपाल
पैशांवर भांडण्याआधी जर्नलचं मुखपृष्ठ बघायला शिका. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे. तो कोणालाही मिळतो, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा दाखला सरासरी किती वेळा दिला जातो तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी देते. मुखपृष्ठावर 7.3 छापलंय आणि क्लॅरिव्हेटच्या यादीत नावच नाही, तर तो आकडा कुठल्यातरी दुकानातून आणलेला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं, अगदी विभागप्रमुखांनासुद्धा.

मग डीओएजे, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची निर्देशिका, तिथे शोधा. नावाने शोधू नका, आयएसएसएनने शोधा आणि तिथल्याच दुव्यावरून संकेतस्थळावर जा. जुन्या नावाजलेल्या जर्नलचं हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून पैसे उकळणारेही आहेत.

डोंबिवली_फास्ट
मॅडम, त्याच बोहॅननच्या प्रयोगात डीओएजेमधल्या ज्या प्रकाशकांनी निर्णय कळवला, त्यांतल्या 45 टक्क्यांनी खोटा पेपर स्वीकारला होता. मास्तरांनी सोयीचा आकडा सांगितला, गैरसोयीचा सोडला.

कालिनाची_ग्रंथपाल
बरोबर, म्हणूनच डीओएजेने 2014 मध्ये निकष कडक करून सगळ्यांना पुन्हा अर्ज करायला लावले. 2016 मध्ये अर्ज न करणारी तीन हजारांहून जास्त जर्नलं काढून टाकली. तुम्ही त्याआधीची निर्देशिका धरून बोलताय.

परळ_ओपीडी
मी समितीच्या बाजूने. आमच्या केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन बघा. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमची स्टाफ सोसायटी ते 1955 पासून काढते. नेटवर फुकट वाचता येतं आणि वर्षानुवर्षं लेखकाकडून पै घेतलेली नाही. बंगळुरूच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलंही तशीच चालत आली. ओपीडीची रांग संपवून संपादन करणारी माणसं परळमध्ये असतील, तर बाकीच्यांना हजारो डॉलर कशाला लागतात?

माटुंग्याचा_मास्तर
डॉक्टर, ते जर्नल फुकट चालतं कारण संपादकांचा वेळ कोणी बिलात धरत नाही. प्रत्येक विषयाला केईएम कुठून आणायचं?

आणि नुसत्या यादीवरही माझा भरवसा नाही. हिंदावी या प्रकाशकाची जर्नलं वेब ऑफ सायन्समध्ये होती, स्कोपसमध्ये होती, म्हणजे जर्नलांच्या दोन्ही नावाजलेल्या याद्यांत. विशेषांकांच्या वाटेने पेपर बनवून विकणाऱ्या टोळ्या आत शिरल्या आणि 2023 या एका वर्षात तिथले आठ हजारांहून जास्त लेख मागे घ्यावे लागले. यादीतलं जर्नल कालपर्यंत कसं होतं एवढंच यादी सांगते. त्यापेक्षा जुन्या अंकांतले आपल्या विषयाचे दोन-तीन लेख वाचा. ज्याला विषय येतो त्याला पहिल्या पानात कळतं.

तासिका_तत्त्व
सगळे मोठ्या गावच्या गप्पा मारताय. मी मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. 'भाषा आणि जीवन' किंवा वाईचं 'नवभारत' यांची पानं किती? आणि मुलाखतीला पेपरांची फाइल तर लागतेच. मग एखाद्या कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र असतं. नोंदणीच्या पैशांतच विशेषांकात लेख, आयएसएसएनसह. मराठी, वाणिज्य, गृहविज्ञान सगळं एकाच अंकात, आणि वर 'पिअर रिव्ह्यूड' छापलेलं. परीक्षण झालं का, म्हणून विचारू नका. आदल्या रात्री पाठवलेला लेख सकाळी छापून हातात होता. जर्नलचं नाव सांगत नाही, अशी पुष्कळ आहेत.

'शिक्षकांची फसवणूक' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. कोण फसलंय? घेणाऱ्याला माहीत, देणाऱ्याला माहीत, मुलाखतीतल्या तज्ज्ञांना तर सगळ्यात आधी माहीत. 2010 पासून यूजीसीने पेपरांना गुण लावले आणि हा धंदा फोफावला. पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती 2022 मध्ये काढली, तरी मार्गदर्शक मागतातच.

परळ_ओपीडी
म्हणजे दोष मागणाऱ्याचा, पुरवणारा मोकळा? हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल-प्रकाशकाला अमेरिकेतल्या कोर्टाने 2019 मध्ये पाच कोटी डॉलर भरायला सांगितले, ते लोकांची दिशाभूल केली म्हणूनच. परीक्षणाबद्दल खोटं सांगायचं आणि फी किती ते लेख स्वीकारेपर्यंत लपवायची, ही फसवणूकच. आमच्याकडे तर अशा पेपरवर उद्या कोणी डोस ठरवला म्हणजे झालं!

तासिका_तत्त्व
पुरवणारा मोकळा असं मी कुठे म्हटलं? पण यूजीसीच्या जुन्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी 1009 तपासली, तेव्हा 88 टक्के सुमार निघाली. 2018 मध्ये ते 'करंट सायन्स' या जर्नलमध्ये छापूनही आलं. ती नावं सुचवणारी विद्यापीठं आपलीच ना?

माटुंग्याचा_मास्तर
म्हणून माझी सूचना : फी घेतली का हे विचारूच नका. पेपरबरोबर परीक्षकांचे शेरे आणि लेखकाने त्यांना दिलेलं उत्तर जोडायला सांगा. खऱ्या जर्नलकडून ते मेलवर आलेलंच असतं.

डोंबिवली_फास्ट
पुढच्या महिन्यात शेरेही पॅकेजमध्ये मिळायला लागतील, सर. दोन परीक्षक, चार किरकोळ दुरुस्त्या.

कालिनाची_ग्रंथपाल
बनावट शेरे ओळखू येतात. त्यांत लेखातल्या एकाही तक्त्याचा उल्लेख नसतो. पण ओळखायला वाचणारा विषयातला हवा. मास्तर, तुमच्या समितीत कोण आहे?

माटुंग्याचा_मास्तर
रसायनशास्त्राचे दोघं, वाणिज्यच्या एक मॅडम आणि रजिस्ट्रार. बाहेरचा विषयतज्ज्ञ बोलवा म्हटलं, तर मानधन कुठल्या खात्यातून द्यायचं, यावर बैठक संपली.