मदत हवी आहे: उएनोच्या हॉटेलातून टोकियो डिस्नीसीला गेट उघडायच्या आधी कसं पोचावं? (सोबत ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलगी)

चाफेकळी:

नमस्कार मंडळी, मे च्या मध्यात जपानला जातोय, गोल्डन वीकची (तिथल्या सुट्ट्यांच्या आठवड्याची) गर्दी ओसरल्यावर. मी, नवरा, लेक (वय ६) आणि सासूबाई-सासरे. हॉटेल उएनो स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर आहे, पैसे भरून झालेत आणि परत मिळणार नाहीत त्यामुळे हॉटेल बदला असं कृपया कोणी सांगू नका. डिस्नीसीची (डिस्नीलँडच्या शेजारचं दुसरं पार्क) तिकिटं मंगळवारची काढली आहेत.

लेकीला ‘फ्रोझन’मधल्या एल्साच्या राईडमध्ये बसायचंय, घरात दुसरा विषय नाही, झोपताना पण तेच. ती राईड फँटसी स्प्रिंग्समध्ये आहे, म्हणजे जून २०२४ ला जो नवा भाग उघडला त्यात, आणि जिथे वाचावं तिथे हेच की सकाळी गेट उघडायच्या आधी लाईनीत नसाल तर दिवसभर रांगा बघत बसा. वेळ ९ ची दिलीये, कोणी म्हणतं ८ ला पोचा, कोणी म्हणतं ७ ला. मॅप सांगतो की उएनोहून यामानोते लाईनने टोकियो स्टेशन, तिथून केइयो लाईनने माइहामा, पुढे मोनोरेल किंवा चालत.

अडचण अशी की सासऱ्यांचा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर चालतात, रोज सकाळी सारसबागेला चक्कर असते त्यांची, पण जिने आले की थांबत थांबत. आणि टोकियो स्टेशनात केइयो लाईनचा प्लॅटफॉर्म फारच लांब आहे असं ऐकलंय. नवरा म्हणतो सरळ टॅक्सी करू. हॉटेलचा नाश्ता ७ ला सुरू होतो म्हणजे तो सोडावा लागणार, आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

तर १) ट्रेन की टॅक्सी २) हॉटेलातून किती वाजता निघावं ३) माइहामाला उतरल्यावर चालावं की मोनोरेल ४) नाश्त्याचं काय. ज्यांनी वयस्कर मंडळींना घेऊन हे केलंय त्यांनी कृपया सांगा, यूट्यूबवर सगळे विशीतले पळत सुटलेले दिसतात, त्याचा मला उपयोग नाही.

निशिकासाईकर:

ताई, निशिकासाईला राहतो, माइहामा आमच्या शेजारचंच, भारतातून पाहुणे आले की डिस्नी ठरलेलं त्यामुळे हा रस्ता पाठ आहे.

पहिली गोष्ट, टोकियो स्टेशन डोक्यातून काढून टाका. मॅप तोच रस्ता पुढे करतो पण तो प्लॅटफॉर्म स्टेशनच्या दक्षिण टोकाला जमिनीखाली खोल आहे, मुळात नारिता विमानतळाच्या शिंकान्सेनसाठी (बुलेट ट्रेन) ती जागा ठेवली होती, तो प्रकल्प बारगळला आणि १९९० मध्ये केइयो लाईन तिथे आणली. म्हणून बाकीच्या लाईनींपासून इतका लांब. सरकते पट्टे आहेत, तरी पंधरा मिनिटं धरा, आणि तुमच्या सासऱ्यांबरोबर त्याहून जास्त.

त्याऐवजी उएनोहून मेट्रोची हिबिया लाईन घ्या, थेट हाच्चोबोरीला उतरा. बारा-तेरा मिनिटं लागतात. हाच्चोबोरी हे केइयो लाईनवरचं टोकियोच्या पुढचं स्टेशन, तिथली अदलाबदल छोटी आहे, सगळं जमिनीखालीच, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. तिथून माइहामा आणखी बारा-पंधरा मिनिटं. तोटा एकच, गाडी टोकियोहून भरून येते त्यामुळे बसायला जागा मिळेलच असं नाही. मात्र ज्येष्ठांसाठीच्या राखीव सीट डब्याच्या टोकाला असतात, सासऱ्यांना तिकडेच घेऊन जा.

अजून एक, केइयो लाईनवर वाकाशिओ आणि साझानामी नावाच्या एक्स्प्रेस गाड्या पण धावतात. त्या माइहामाला थांबत नाहीत आणि त्यांना वेगळं तिकीट लागतं. लोकल किंवा रॅपिड बघून चढा, दोन्ही थांबतात.

वेळ: ६:४० ला हॉटेलचं दार सोडा. सव्वासात-साडेसातला माइहामा, पावणेआठ-आठला डिस्नीसीच्या गेटवर. मंगळवारी तेवढं पुरतं. बरेचदा जाहीर वेळेच्या आधीच गेट उघडतात, कधी पंधरा मिनिटं कधी अर्धा तास, गर्दी बघून ठरवतात त्यामुळे त्यावर विसंबू नका पण ९ म्हणजे ९ असंही धरू नका.

वाटाड्या:

टॅक्सीचं मी सांगतो. साध्या टॅक्सीत ड्रायव्हर सोडून चार जण. तुम्ही चार मोठे आणि एक मूल, म्हणजे बसत नाही, दोन टॅक्स्या करा नाहीतर मोठी व्हॅन आधी बुक करा. उएनो ते डिस्नीसी एका टॅक्सीचे सात-आठ हजार येन तरी जातील, एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा. रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास, पण सकाळी सातनंतरच्या ट्रॅफिकची खात्री मी देणार नाही. पैसे देऊन वर वेळेची चिंता करायची असेल तर ट्रेनच बरी.

रात्री परत येताना मात्र टॅक्सीचा विचार जरूर करा, तेव्हा सगळे दमलेले असतात आणि घाई नसते.

मीरा_नागोया:

मोनोरेलबद्दल कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितेय. डिस्नी रिसॉर्ट लाईन एकाच दिशेने गोल फिरते. माइहामाच्या बाजूच्या गेटवे स्टेशनहून निघाली की आधी डिस्नीलँड, मग बेसाइड, मग डिस्नीसी. म्हणजे डिस्नीसी तुमच्यासाठी शेवटचं, सगळा फेरा मारून जावं लागतं. चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात, मोनोरेलने वाट बघणं धरून जवळपास तेवढीच. म्हणून धडधाकट माणसं चालतात. परतीला उलटं आहे, डिस्नीसीहून गेटवे पुढचंच स्टेशन.

तुमच्या बाबतीत सगळेच मोनोरेलने जा असं मी म्हणेन. सासऱ्यांचे पाय सकाळीच कशाला दमवायचे, आत दिवसभर चालायचंय. आणि लेकीला ती मोनोरेल फार आवडेल, खिडक्या आणि हातात धरायच्या कड्या सगळं मिकीच्या डोक्याच्या आकाराचं आहे, माझा मुलगा एकेक कडी हात लावून बघत होता. फुकट नाही ती, पण सुईका कार्ड (ट्रेन-बसचं प्रीपेड कार्ड) चालतं. हो, सुईकावरून आठवलं, भारतातल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मोबाईल सुईका चालत नाही, एअरपोर्टवरच कार्डं घ्या आणि मुलीचं लहान मुलांचं वेगळं घ्या, निम्मं भाडं लागतं.

अप्पा_ठाणे:

माझं मत थोडं वेगळं आहे. वयस्कर माणसांना पहाटेपासून पळवायचं कशाला? तुम्ही नवरा-बायको आणि मुलगी सातच्या आत निघा, आई-वडील आरामात नाश्ता करून दहा-अकराला येतील. उएनो ते माइहामा एकच गाडी बदलायची आहे, आदल्या दिवशी त्यांना एकदा हिबिया लाईनचा प्लॅटफॉर्म दाखवून ठेवा. मी सत्तरीचा आहे, पत्नीबरोबर टोकियोत एकटा फिरलो, स्टेशनच्या पाट्या इंग्रजीत आहेत, स्टेशनांना नंबर आहेत, लोक मदत करतात.

मीरा_नागोया:

अप्पा, फिरतील ते नक्की, पण यात एक मेख आहे. आत गेल्यावर डिस्नीच्या ॲपवर लांब रांग टाळायचे जे पास घ्यायचे असतात, पैसे भरून मिळणारा प्रीमियर ॲक्सेस किंवा फुकटातला प्रायॉरिटी पास, ते ज्यांचं तिकीट गेटवर स्कॅन झालंय त्यांनाच मिळतात. सासू-सासरे हॉटेलात नाश्ता करत असतील तर त्यांच्या नावाने पास निघणार नाही. आणि एल्साच्या राईडचे पास गर्दीच्या दिवशी लवकर संपतात. म्हणजे मुलगी एल्साला भेटणार आणि आजी-आजोबा बाहेर, असं होऊ शकतं. ती राईड बोटीची आहे, संथ आहे, ज्येष्ठांना बसण्यासारखी आहे. माझ्या सासूबाई त्यातून बाहेर आल्या तेव्हा माझा हात घट्ट धरून होत्या, डोळ्यांत पाणी होतं. ती संधी त्यांची घालवू नका असं मनापासून वाटतं.

चाफेकळी:

बापरे, हे पासचं माहीतच नव्हतं, खूप खूप आभार मीराताई. अप्पा, तुमचं पण पटतं पण सासूबाईंना नातीबरोबरच बसायचंय त्या राईडमध्ये, त्यामुळे सगळे एकत्रच जाऊ. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले पहाटे उठायचं असेल तर मला सांगा, मी पाचला उठतोच.

हे पास घ्यायची कृती कोणी नीट सांगेल का? गेटमधून आत गेलं की उभं राहून करायचं की चालता चालता? आणि नाश्त्याचं राहिलंच.

निशिकासाईकर:

सांगतो. सगळ्यांची तिकिटं आदल्या रात्रीच एका फोनवरच्या ॲपमध्ये घालून ठेवा, कार्डाची माहिती पण भरून ठेवा. कार्ड भारतातलं असेल तर पैसे भरताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, म्हणून ते सिम फोनमध्ये चालू पाहिजे, नुसतं ई-सिम टाकून इंडियाचं बंद करून ठेवलं तर तिथेच अडकाल. गेटवर पाचही जण स्कॅन झाले की चार पावलं बाजूला व्हा, मागून लोंढा येतो, आणि उभ्या उभ्या एल्साच्या राईडचा प्रीमियर ॲक्सेस घ्या. राईडनुसार दीड-दोन हजार येन माणशी पडतात. पाच जणांचे म्हणजे रक्कम मोठी होते, मान्य आहे, पण गुडघेदुखीवाल्या माणसाला दोन तास रांगेत उभं करण्यापेक्षा इथेच पैसे घालवा आणि बाकी कुठे वाचवा. मग पळायची काही गरज उरत नाही. फँटसी स्प्रिंग्स अगदी मागच्या बाजूला आहे, अरेबियन कोस्ट आणि लॉस्ट रिव्हर डेल्टाच्या मधे, पार्कमधल्या बंदरावरून बघत बघत चालत जा. पळायला तसंही मनाई आहे. गुडघा फार बोलायला लागला तर आत प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते, संकोच करू नका.

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना १५ मिनिटं आधी सोडतात, आणि फँटसी स्प्रिंग्स हॉटेलवाल्यांना तर त्या भागात थेट उघडणारं वेगळं दार आहे. तुम्ही रांगेत सगळ्यात पुढे असलात तरी आत माणसं दिसतील, त्याने नाराज होऊ नका.

नाश्ता: बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, पण गेट उघडायच्या आधी बाहेर रांगेत खाता येतं. जपानी कुटुंबं चक्क सतरंज्या अंथरून बसलेली असतात, छोट्या प्लॅस्टिकच्या घडीच्या, शंभर येनच्या दुकानात मिळतात. एक घेऊनच जा, सासरे पाय पसरून बसतील. सासूबाईंसाठी घरून खाकरे, चिवडा, लाडू असं कोरडं न्या. कोन्बिनीतल्या (तिथली छोटी खाऊ-किराण्याची दुकानं) ओनिगिरीत (भाताचे गोळे) बहुतेक मासा असतो आणि नुसत्या भाताच्या दिसल्या तरी माशाचा अर्क असू शकतो, त्यामुळे त्यांना त्या देऊ नका. केळी बहुतेक कोन्बिनीत मिळतात.

रेल्वेवेडा_कल्याण:

केइयो लाईन समुद्राच्या कडेने जाते आणि जोराचा वारा सुटला की गाड्या हळू चालवतात किंवा थांबवतात. मे मध्ये तसं होईलच असं नाही पण सकाळी उठल्यावर पाच मिनिटं जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचं पेज बघाच. बंद असेल तर उएनोहून हिबिया लाईननेच कायाबाचोला उतरायचं, हाच्चोबोरीच्या आधीचंच स्टेशन ते. तिथे तोझाई लाईन पकडून उरायासु, आणि उरायासुहून बस. अर्धा तास जास्त धरा.

चाफेकळी:

रेल्वेवेडा, हे लिहून घेतलं, कायाबाचो-तोझाई-उरायासु-बस. नवऱ्यालाही दाखवलं, टॅक्सीचा हट्ट सुटला, परतीला करू म्हणतो. ६:३० ला निघायचं ठरवलंय, दहा मिनिटं सासऱ्यांसाठी जास्तीची. मुलगी ११२ सेंमी आहे, सोअरिंग नावाच्या राईडमध्ये बसू देतील ना? तेवढं सांगा म्हणजे दुसरा पास कशाचा घ्यायचा ते ठरवते.

मीरा_नागोया:

सोअरिंगला १०२ सेंमी लागतं, आरामात बसेल. पीटर पॅनलाही तेवढंच. जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थला ११७ आहे, ती या वेळी नाही. दुसरा पास सोअरिंगचाच घ्या, उंचावरून तरंगत जगभर फिरवतात, पण पाय लोंबकळत असतात त्यामुळे सासूबाईंना उंचीची भीती असेल तर आधी विचारा.