मदत हवी आहे : शिक्षिकेची नोकरी सोडून सरपंचपदाची निवडणूक

खडूफळा
नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका गावची सून असून गेली 17 वर्षे शिक्षिका आहे. आमच्या गावाचे सरपंचपद सोडतीत सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झाले आहे आणि बचत गटाच्या बायकांनी मला उभे राहण्याचा आग्रह धरला आहे. मला तीन मुले आहेत, त्यामुळे घरची ओढाताण आपण समजू शकाल. राजीनामा कोणाकडे आणि किती दिवस आधी द्यावा, एवढेच विचारायचे आहे. ‘आधी नीट विचार करा’ हा सल्ला कृपया नको. तो सासूबाईंकडून दिवसातून दोनदा मिळतो.

गुऱ्हाळवाला
ताई, राजीनामा मुळीच देऊ नका. आमच्या वहिनी हायस्कूलमध्ये शिकवतात. त्यांनी संस्थेला लेखी कळवले, प्रचाराच्या काळात रजा टाकली आणि नोकरीत राहूनच त्या ग्रामपंचायत सदस्य झाल्या. सरपंचाचे मानधन लहान गावात 2024 मध्ये तीन हजारांवरून सहा हजार झाले आहे. तेवढ्यावर तीन मुलांचे शिक्षण होणार आहे का?

निवृत्त लेखनिक
शाळा कोणती हे न विचारता असा सल्ला देणे धोक्याचे आहे. आपल्या वहिनींची शाळा खाजगी संस्थेची असणार. तेथील शिक्षकांना 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली लागू होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मात्र 1967 चे वर्तणूक नियम लागू असून त्यांना निवडणूक लढवता येत नाही. बाई, आपली शाळा कोणाची आहे?

पंचगंगाकाठ
शाळेचे राहू द्या, तीन मुले असल्याचे कोणीच वाचले नाही का? 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले असेल, तर उमेदवारच अपात्र ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हरियाणातील अशीच अट वैध ठरवली आहे. हा विषय येथेच संपला.

शिवारफेरी
शिक्षणाच्या अटीबद्दल सांगतो. सरपंचपदाच्या उमेदवाराचा जन्म 1 जानेवारी 1995 नंतरचा असेल, तर तो किमान सातवी उत्तीर्ण असावा लागतो. गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जवळ ठेवावी.

खडूफळा
मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवते, तेव्हा गुणपत्रिकेची काळजी नसावी.
शाळा जिल्हा परिषदेची आहे, पन्हाळा तालुक्यात. मला वाटले ते कळलेच असेल. थोरली मुलगी 2009 ची आणि त्यानंतर 2013 मध्ये जुळे मुलगे झाले. आता तरी राजीनाम्याबद्दल कोणी सांगेल का?

निवृत्त लेखनिक
जुळी मुले आहेत हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. एका अपत्यानंतर एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली, तरी कायदा ती एकच धरतो. त्यामुळे आपण पात्र आहात. मात्र तिघांचे जन्मदाखले अर्जाच्या वेळी हाताशी असू द्यावेत, कारण छाननीच्या दिवशी विरोधक हाच आक्षेप सर्वांत आधी घेतील.
आता राजीनामा. स्वेच्छानिवृत्तीसाठी 20 वर्षांची अर्हताकारी सेवा लागते, ती आपली भरत नाही. नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 नंतरची असल्याने जुन्या निवृत्तिवेतनाचाही प्रश्न येत नाही. राजीनामा मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. नोटिशीची मुदत नियुक्ती आदेशात पाहावी. परंतु नुसता अर्ज देऊन भागत नाही. तो मंजूर होऊन कार्यमुक्तीचा आदेश हाती येईपर्यंत आपण कर्मचारीच राहता. आमच्या कार्यालयात असा एक राजीनामा टेबलावरच पडून राहिला आणि उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला.

पंचगंगाकाठ
जुळ्यांचा नियम मला ठाऊक होता; माहितीच अपुरी दिली होती. असो. पण बाई निवडून आल्या तरी कारभार यजमानच पाहणार. राज्यात 2011 पासून महिलांना 50 टक्के जागा आहेत आणि तितकेच ‘सरपंचपती’ही आहेत.

गुऱ्हाळवाला
हे बोलणे बरे नव्हे. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेथील शिक्षिकेला सही कोठे करायची हे यजमानांनी सांगावे काय? शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. ग्रामसभेत ताकद असते, तेथे बसणारे माणूस हवे. मात्र पगार सोडू नये, या मतावर मी ठाम आहे.

खडूफळा
सहीचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्याकडे ग्रामसभेची वही सह्यांसाठी घरोघरी फिरते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी असताना शिपाई ती घेऊन आला. माझ्या हाताला चकलीचे पीठ होते. मी हात पदराला पुसला आणि सासूबाईंच्या खालच्या ओळीत सही केली. वर विषय लिहिला होता, ‘पाणीपुरवठा खर्चास मंजुरी’. सभा झालीच नव्हती. वर्गात एखाद्या मुलाने दुसऱ्याची हजेरी लावली तर मी त्याला उभे करते. त्या पिठाचा डाग वहीवर अजून असेल.
पगाराचे गणित मी आणि यजमानांनी मांडले आहे; पाच वर्षे निभावेल. उद्याच राजीनामा देते.

निवृत्त लेखनिक
थांबा. ‘सुट्टीत गावी असताना’ असे आपण लिहिले आहे. एरवी आपण कोठे राहता आणि मतदार यादीत आपले नाव कोणत्या गावी आहे?

खडूफळा
मुलांच्या शाळेसाठी आम्ही सहा वर्षे कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याने राहतो. नाव शहराच्या यादीत आहे. लोकसभेला तेथेच मत दिले. त्याने काही बिघडते का?

निवृत्त लेखनिक
सर्व काही त्यावरच अडते. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराचे नाव त्याच गावाच्या मतदार यादीत असावे लागते आणि आयोग ठरवतो त्या दिनांकाची विधानसभेची यादी निवडणुकीसाठी घेतली जाते. त्यानंतर नाव हलवून उपयोग होत नाही. नाव हलवण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो, पण त्यासाठी आपले राहणे खरोखर गावी असले पाहिजे. राहत्या घरी शौचालय असून त्याचा वापर होतो, हा दाखलाही गावच्याच घराचा लागेल. आधी तहसील कार्यालयात जाऊन यादीचा दिनांक जाहीर झाला आहे का ते पाहा. तोपर्यंत राजीनामा पर्समध्येच ठेवा.

शिवारफेरी
निवडणूक खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा, हेही लक्षात असू द्यावे.

खडूफळा
यजमान म्हणतात, गावचे घर उघडून झाडायलाच चार दिवस लागतील आणि मुलांना एसटीने ये-जा करावी लागेल. सासूबाई प्रथमच माझ्या बाजूने बोलल्या. आम्ही गावी परतणार, एवढेच त्यांनी ऐकले आहे. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून तहसीलला जाते. तेथे काय कळले ते येथेच लिहीन.