सांडलेल्या डिझेलवर पाणी मारू नका

सचिव: आपल्या सोसायटीच्या जनरेटरच्या खोलीबाहेर डिझेल सांडलंय, तीन-चार लिटर असेल. सफाईवाल्यांना पाइप लावून धुवायला सांगतोय. त्या बाजूच्या गाड्या कृपया हलवा.

बी-७०४: सचिवसाहेब, पाणी आधी थांबवा. साबण तर अजिबात नको. डिझेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाइप लावला की ते पसरत पसरत थेट पावसाळी गटारात जाणार. साबणाने फरशी स्वच्छ दिसते, कारण तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं. मग ते कुठेच अडवता येत नाही.

सचिव: मग करायचं काय? सफाईवाले उभे आहेत.

बी-७०४: आधी टाकीखालचा कॉक बंद करा. मग गटाराच्या जाळीवर जाड प्लास्टिक टाकून त्याच्या चारी कडांवर वाळू दाबा. हे झाल्याशिवाय डागाला हात लावू नका. नंतर कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा डागाच्या बाहेरच्या कडेवर गोल टाका आणि तिथून आत या. मधोमध ओतलं तर डिझेल बाहेर सरकतं. वीस-तीस मिनिटं मुरू द्या, कडक झाडूने घासा, सुपलीने भरा, पुन्हा पातळ थर द्या. भुसा ओला असेल तर उपयोग नाही, तो आधीच पाणी प्यायलेला असतो. हातमोजे घाला, खोलीची दारं उघडी ठेवा, कोणी विडी-सिगारेट ओढू नये.

सी-२०१: काका, गाडीचं पेट्रोल सांडलं तरी हेच करायचं?

बी-७०४: नाही, ताई. डिझेलची वाफ पेटायला ते आधी तापावं लागतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, तळघरात साचते. तिथे भुसा नको, कोरडी वाळूच. सुपली प्लास्टिकची. गाडी सुरू करायची नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. माणसं लांब करायची आणि जास्त सांडलं असेल तर अग्निशमन दलाला बोलवायचं.

ए-३०२: गोळा केलेला भुसा रोजच्या कचऱ्यात टाकू का? तेलाची फडकी आपोआप पेट घेतात असं ऐकलंय.

बी-७०४: आपोआप पेट घेतात ती जवसाच्या तेलाची, लाकडी पॉलिशची फडकी. ते तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं. डिझेलचं तसं नाही, पण ठिणगी मिळाली तर भुसा झटकन पेटेल. रोजच्या कचऱ्यात नकोच. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर चिठ्ठी लावा आणि वापरलेलं इंजिन ऑइल नेणाऱ्या परवानाधारक माणसाकडे द्या.

डी-६०३: आत्ता खोलीत जाऊन पाहिलं. गळती रिटर्न लाइनच्या, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या, बॅन्जो बोल्टपाशी आहे. हा आतून पोकळ बोल्ट, त्यातूनच डिझेल जातं. सर्व्हिसिंगच्या वेळी तांब्याचे जुने वॉशर पुन्हा बसवले असावेत. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्ट जास्त आवळून गळती थांबत नाही, उलट आटे जातात. नवे वॉशर टाकायचे. रबरी नळीही वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला. आणि खाली ट्रे हवाच. सगळी टाकी रिकामी झाली तरी मावेल आणि वर दहा टक्के जागा उरेल एवढा. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला ११० लिटरचा.

ए-१०१: सगळं पटतंय, पण तीन-चार लिटरसाठी एवढं? समुद्रात टँकरच्या टँकर सांडतात.

बी-७०४: म्हणूनच एवढं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या खोदकाम फलाटाखालची तेलविहीर फुटली. ११ कामगार गेले, तेल ८७ दिवस वाहत होतं. सरकारी अंदाज ४९ लाख बॅरलचा, म्हणजे सुमारे ७८ कोटी लिटर. शेकडो बोटी लावूनही पाण्यावरून खरवडून परत मिळालेलं तेल त्या वेळच्या सरकारी हिशेबात जेमतेम ३ टक्के. आणखी ५ टक्के तिथेच जाळलं. विहिरीच्या मालक बीपी कंपनीला त्यापायी ६५ अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला. एकदा पाण्यात गेलेलं तेल पैसा ओतूनही परत येत नाही. आपल्या फरशीवरचं मात्र आत्ता, अर्ध्या तासात, जवळजवळ सगळं उचलता येतंय.

आणि टँकर हे एकच कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींचा २०२२ चा अहवाल सांगतो की माणसाच्या हातून उत्तर अमेरिकेच्या समुद्रात जाणाऱ्या तेलाचा सर्वांत मोठा वाटा जमिनीवरून वाहून येतो. रस्ते, पार्किंग, गटारं.

डी-६०३: थेंबांचा हिशेब करा. एक थेंब साधारण ०.०५ मिली. दहा सेकंदांना एक पडला तरी दिवसाला ४३० मिली, महिन्याला १३ लिटर. पार्किंगमध्ये ज्यांच्या गाडीखाली डाग आहे त्यांनी रात्री पुठ्ठा ठेवून बघावं. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. बहुतेक वेळा ड्रेन प्लगचा वॉशर, नाहीतर फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली असते आणि तिच्यावर नवी बसते. लाल असेल तर गिअरचं किंवा स्टिअरिंगचं ऑइल असू शकतं. हिरवं-गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. ते विषारी आहे, मांजरं-कुत्री चाटतात, लगेच पुसा. स्वच्छ पाणी म्हणजे एसीचं, काळजी नको.

सी-२०१: जनरेटरला डिझेल फार लागतं अशी ओरड दर सभेत होते. ते कमी होईल का?

डी-६०३: होईल, पण आधी मोजा. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगल्या भारावर, म्हणजे पुरेशी वीज ओढली जात असताना, जनरेटर त्यातून ३ ते साडेतीन युनिट वीज देतो, बाकी धुरातून आणि रेडिएटरमधून जाते. आपला संच ८० केव्हीएचा, म्हणजे ६४ किलोवॉटचा. नुसते जिन्यातले दिवे आणि एक लिफ्ट चालली तर भार १० किलोवॉटही नसतो. तेव्हा लिटरला दोन-अडीच युनिट मिळाले तरी नशीब.

शिवाय भार ३० टक्क्यांच्या खाली राहिला की इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं. सायलेन्सरच्या जोडावर काळा, चिकट ओघळ दिसतो तो त्याचाच. थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर संच चालवू नका, आधी ऑइल बदला.

सचिव: मग दिव्यांचं काय करायचं?

डी-६०३: जिन्याचे आणि गेटचे दिवे बॅटरी इन्व्हर्टरवर घ्या. जनरेटर फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी. पंप शक्यतो वीज असतानाच चालवून टाक्या भरून ठेवा. जनरेटर लागलाच तर लिफ्ट आणि पंप एकाच तासात उरका. वहीत दर वेळी तीन आकडे लिहा: तासमीटर, पॅनेलवरचे युनिट, टाकीत ओतलेले लिटर. महिन्याभरात लिटरला किती युनिट पडतात ते सगळ्यांना कळेल.

बी-७०४: त्याच वहीत चौथा रकाना घाला. लिटर गुणिले २.६८, म्हणजे हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड किलोत. ८४० ग्रॅम डिझेलमधून अडीच किलोच्या वर कसा, असं कोणी विचारेल. कार्बन डिझेलचा, पण ऑक्सिजन हवेतून येतो. बिलात फक्त डिझेलची किंमत असते, हे वजन कुठेच नसतं.

ए-१०१: सकाळी गाड्या दहा-दहा मिनिटं चालू ठेवतात त्याचंही बोला.

बी-७०४: उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पितं. रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याला पावणेचार लिटर, अंतर शून्य. आजच्या, पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या इंजिनाला अर्धा मिनिट पुरतो. मग हळू चालवत न्या, चालताना ते लवकर तापतं.

सचिव: जाळी झाकली, कडेने भुसा टाकला. पहिला थर पूर्ण भिजलाय.

बी-७०४: तो उचला आणि दुसरा टाका. शेवटी डागावर पांढरं फडकं दाबून बघा. फडकं कोरडं आलं की मगच जाळीवरचं प्लास्टिक काढा.

डी-६०३: मी वॉशरचं माप घेतो. बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे प्रत्येक जोडाला दोन लागतील. तोपर्यंत कॉक बंदच ठेवा आणि संचाचा ऑटो स्टार्टही बंद करा, नाहीतर वीज गेली की तो आपोआप सुरू होऊन डिझेलऐवजी हवा ओढेल.