मदत हवी आहे: प्रोसेसरचे आठ कोअर असूनही प्रोग्राम रेंगाळतोय

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या फोटोंवरून प्रतवारी करणारा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये लिहितोय. आधी पाइपलाइन पॅटर्न लावला (काम टप्प्यांत तोडून प्रत्येक टप्पा वेगळ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्याला), पण डाग शोधण्याचा टप्पा इतका जड की बाकीचे थ्रेड नुसते बसून. मग त्याच टप्प्यावर मास्टर-वर्कर करून (एक थ्रेड काम वाटतो, बाकीचे करतात) आठ वर्कर सोडले. वेग जेमतेम तिप्पट! निकालाची यादी एकच, तिच्यावर लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) एकच, सगळे तिथेच रांगेत. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडालच्या १९६७ च्या मांडणीनुसार (एकामागोमाग होणारं काम एकूण वेग अडवतं) १०% काम एकामागोमाग राहिलं तरी ८ कोअरवर ४.७ पट मिळायला हवा ना? प्रत्येक वर्करला वेगळी यादी देऊन शेवटी रिडक्शनने (सगळ्या याद्या एकत्र करून) जोडू, की निकालाची ही सामायिक यादीच (क्यू) बदलू? कोणी केलंय का? सीताबर्डीत भेटायलाही तयार, तर्री पोहे माझ्याकडून.