लेहची हाफ मॅरेथॉन: येऊर-पारसिकचे चढ कामाचे की नुसती रजा?

येऊरकर
लडाख मॅरेथॉनच्या हाफला नाव नोंदवलं की ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच जणांचा बेत ठरलेला असतो. आठवड्यातून दोनदा येऊर नाहीतर पारसिक हिलचा चढ, सुट्टीच्या दिवशी पामबीच रस्त्यावर १८ किलोमीटर आणि रविवारच्या रेससाठी गुरुवारचं विमान. माझं मत: यात सराव भरपूर आहे, लेहमधल्या रात्री कमी पडतात. येऊरचा चढ शे-दोनशे मीटरचा, लेह ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब ७६० मिलिमीटरवरून ४९० च्या आसपास येतो. म्हणजे प्रत्येक श्वासात साधारण एक तृतीयांश ऑक्सिजन कमी. शरीर आधी श्वास वाढवतं, त्याने रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि तो तोल मूत्रपिंडं सावकाश सावरतात. या कामाला दिवस लागतात, तीन रात्रींत ते अर्धवटच राहतं. सात-आठ रात्री मिळत नसतील तर यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन करा, लेह पुढच्या वर्षी.

पामबीच_पहाटे
रजा काय झाडाला लागतात का दादा? सप्टेंबर म्हणजे बऱ्याचदा गणपती, त्यात आठ दिवस लेहचे आणि दोन प्रवासाचे. आणि फिटनेसला तुम्ही फारच स्वस्तात काढलंत. त्या उंचीवर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप, १५ ते २० टक्के घसरतो. इथे ५० असलेल्याकडे तिथे ४० उरतो, इथे ३८ असलेल्याकडे जेमतेम ३० ते ३२. शेवटच्या टप्प्यात पळणार कोण आणि चालणार कोण, ते इथेच ठरतं. शिवाय सिंधूचं पात्र लेह गावाच्या सुमारे अडीच-तीनशे मीटर खाली आहे. सिंधूकाठच्या चोगलमसरच्या बाजूने परत गावाकडे येताना चढच चढ. त्या चढाची तयारी येऊरवर नाही करायची तर कुठे, तलावपाळीला फेऱ्या मारून?

आणखी एक, आपल्या श्रावणातल्या दमटपणात ६:३० च्या पेसने (किलोमीटरला साडेसहा मिनिटं) पळणाऱ्याचा बराच दम अंग थंड ठेवण्यात जातो. लेहच्या कोरड्या थंडीत तेवढी सुटका मिळते. पाच रात्री आणि संयम, एवढं पुरेसं आहे.

येऊरकर
चढाचा सराव सोडा असं कुठे म्हटलं? उताराने मांड्या भरून येतात, चढाने पोटऱ्या, त्यासाठी येऊर हवंच. पण उंचीच्या त्रासापासून फिटनेस वाचवत नाही. उलट फिट माणसाला पहिल्या दिवशी बरं वाटतं आणि तो संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून येतो. रात्री डोकं धरून बसतो. पहिल्या ४८ तासांत जोर केला की त्रासाची शक्यता वाढते, मग इथे हाफ १:४० मध्ये करत असा की २:४० मध्ये.

घाटपाय
तुम्ही दोघंही लांबण लावताय. तिसरा रस्ता आहे. आदल्या दिवशी उतरा, दुसऱ्या दिवशी सकाळी पळून घ्या, त्रास सुरू व्हायच्या आत रेस संपते. परदेशी फुटबॉल संघ उंचावरच्या सामन्याला असेच ऐन वेळी जातात.

आणि सरावासाठी ते तोंडावर लावायचे ‘उंचीचे’ मास्क मिळतात, ते कोणी वापरलेत का?

नाडी_बघा
घाटपाय, हा सल्ला कृपया ग्रुपवर पुढे पाठवू नका. संघ ९० मिनिटं खेळून बहुधा त्याच दिवशी खाली उतरतो, सोबत डॉक्टर असतो. डोकेदुखी आणि मळमळ साधारण ६ ते १२ तासांत सुरू होते, म्हणजे नेमकी रेसच्या आदल्या रात्री. फुफ्फुसात पाणी होण्याचा प्रकार बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान येतो, आणि जोराचे श्रम व थंडी ही त्याची दोन नेहमीची कारणं. तुम्ही नेमकं तेच जुळवून आणताय.

लेहची खरी अडचण नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. उंचीच्या त्रासावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं, आणि लेहहून पटकन उतरायला जागाच नाही. सिंधूकाठी गेलात तरी तीनशे मीटर. कारगिल २,६७६ मीटरवर, पण ते २०० किलोमीटरहून दूर आणि वाटेत ४,१०८ मीटरचा ‘फोटू ला’ हा घाट ओलांडावा लागतो. म्हणजे उरतं विमान, तेही बहुतेक सकाळचंच, आणि हवा बिघडली की रद्द. म्हणून बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, ओठ निळसर, सरळ रेषेत टाच-चवडा जुळवून चालता न येणं, यातलं एकही दिसलं तर थेट लेहचं सोनम नुरबू रुग्णालय. ऑक्सिजनचा छोटा डबा ओढून पुन्हा झोपू नका.

मास्कबद्दल: तो हवा अडवतो, दाब कमी करत नाही. छातीच्या स्नायूंना व्यायाम होतो, बस.

पामबीच_पहाटे
हे मान्य. पण मग डायमॉक्स, ती उंचीच्या त्रासावरची गोळी, घेऊन पाच रात्री का चालू नयेत?

नाडी_बघा
घेता येते, पण डॉक्टरांना विचारूनच. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, लघवी वाढते, आणि काहींना जोराच्या पळण्यात लवकर थकवा येतो. शिवाय हे औषध लघवी वाढवणारं म्हणून वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदी यादीत आहे. हौशी माणसाला कोणी तपासेल असं नाही, पण पदकाच्या गटात पळणाऱ्याने वैद्यकीय सूट आधी घ्यावी.

गोळीपेक्षा दोन महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासणं जास्त उपयोगी, बायकांनी तर नक्कीच. लोह कमी असेल तर आधी ते भरून काढा. गोळ्या सुरू केल्यावर ते आठवड्यात भरत नाही.

घाटपाय
बरं, विमानाची घाई सोडली. रस्त्याने गेलं तर? मनालीहून मजा येते.

येऊरकर
मनालीने नको. सरचूला ४,२९० मीटरवर झोपावं लागतं, म्हणजे लेहपेक्षाही वर. श्रीनगर १,५८५ मीटर, मग कारगिलला मुक्काम, मग लेह, ही वाट शरीराला सोसते. झोजिला आणि फोटू ला नुसते ओलांडायचे, तिथे झोपायचं नाही. पँगाँगचा मुक्काम रेसनंतर. रेसआधी दोन रात्री ४,२०० मीटरवर काढून सोमवारी फोटो टाकायला हरकत नाही, पण रविवारी पाय उचलणार नाहीत.

आणि पामबीच ताई, पाच रात्रींचा बेत असेल तर निदान त्या नीट वाटा. पहिले दोन दिवस फक्त सपाटीवर चालणं, जिने टाळा, दारू आणि झोपेची गोळी नको. तिसऱ्या दिवशी २० मिनिटं इतकं हळू जॉग की पूर्ण वाक्य बोलता येईल. चौथ्या दिवशी ४-५ किलोमीटर. पाचवा दिवस विश्रांती. सहाव्या सकाळी रेस.

नाडी_बघा
रेसच्या दिवसाचं माझ्याकडून एवढंच. इथे ६:०० चा पेस असेल तर पहिले ५ किलोमीटर ७:१५ च्या खाली जाऊ नका, उतार कितीही बोलावत असला तरी. तिथे ऑक्सिजनची उधारी एकदा चढली की चालत चालतही फिटत नाही. घड्याळातल्या नाडीच्या झोनवर विसंबू नका, उंचीवर कमाल नाडीच खाली येते. थंड बोटावर ऑक्सिमीटर उगाच कमी आकडा दाखवतो, हात चोळून मग बघा. पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसलं आणि डोकं हलकं असेल तर घाबरू नका. स्टार्टला पाच-सात अंश असतात, हातमोजे आणि टाकून देता येईल असा जुना शर्ट. ओठांना आणि नाकाच्या आत व्हॅसलीन. भूक मरते, म्हणून एनर्जी जेलसोबत खिशात राजगिऱ्याची वडी ठेवा, दर ताशी ३० ते ४५ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. पाणी तहान लागेल तसं घोट घोट. लिटरच्या लिटर ढोसून रक्तातलं सोडियम पाडू नका.

पामबीच_पहाटे
सहा रात्री करते, आणि दोन दिवस रजेऐवजी लेहच्या हॉटेलातून लॅपटॉप उघडते. तिसऱ्या दिवशी मात्र चार-सहा स्ट्राइड्स (छोट्या वेगवान धावा) घेणारच, नाहीतर पाय झोपतात.

येऊरकर
स्ट्राइड्स पाचव्या दिवशी घ्या. तिसऱ्याला नकोच.