अनुभव धागा : हसू गेलं तेव्हा कळलं

अर्धा कप (धागाकर्ता)

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी बेसिनपाशी चूळ भरली तर पाणी तोंडात थांबेना. डाव्या कोपऱ्यातून ओघळून बनियनवर. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली, दोरी सुटलेल्या पडद्यासारखी. डावा डोळा मिटेना. बायकोनं एकदा पाहिलं आणि काही न बोलता रिक्षा बोलावली. दोघांच्या मनात शब्द एकच होता, लकवा.

दवाखान्यात हातपाय तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "भुवया वर करा." उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडे कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. त्यावरून आणि बाकीच्या तपासण्यांवरून निघालं बेल्स पाल्सी. चेहऱ्याकडे येणारी सातवी नस सुजते आणि त्या बाजूचे सगळे स्नायू संपावर जातात. मेंदूच्या झटक्यानं येणाऱ्या लकव्यात कपाळ बहुधा हलतं, यात तेही हलत नाही. (हे वाचून कुणी आरशासमोर निदान करत बसू नका. तोंड वाकडं झालं की तडक दवाखाना गाठा.) स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर फायदा जास्त, तो मला मिळाला. दिवसा डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर चिकटपट्टी. चेहरा परत यायला अकरा आठवडे लागले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. अर्ध्या तोंडानं हसलं की ते हसू कुत्सित दिसतं, म्हणून मी हसणंच बंद केलं. पंधरा दिवसांत आमचा वॉचमन मला पाहून खुर्चीतून उठेनासा झाला. खाली कुणाला तरी म्हणाला म्हणे, "साहेबांचं काहीतरी बिनसलंय माझ्यावर." भाजीवाल्या मावशी दर खेपेला न मागता कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकायच्या, त्या बंद झाल्या. एवढी वर्षं मला वाटायचं, माणसं चांगली आहेत म्हणून कढीपत्ता मिळतो. मीही रोज काहीतरी देत होतो, हे देणं थांबल्यावर कळलं.

तेव्हा लिहा. हसण्यानं तुमच्या तब्येतीत, घरात, कामावर खरोखर काय झालं? काही झालं नसेल तर तेही लिहा. एकच अट आहे. कपाळाला आठ्या घालायला इतके स्नायू आणि हसायला तितके, असले फॉरवर्ड नकोत. त्यातला आकडा दर वेळी वेगळा असतो.

उशीखाली

मी हास्यक्लबची कट्टर विरोधक होते, हे आधी कबूल करते. आमच्या ठाण्याच्या घराची बेडरूम बागेच्या बाजूला. सव्वासहाला खालून "हो हो, हा हा हा" सुरू झालं की मी उशी डोक्यावर घ्यायचे. बागेतली कुत्रीसुद्धा पहिले काही दिवस भुंकून त्यांना साथ देत.

सासरे गेल्यावर आई (सासूबाई) आठ महिने जिना उतरल्या नव्हत्या. शेजारच्या काकूंनी एक दिवस त्यांना जवळजवळ ओढूनच खाली नेलं. पहिल्या दिवशी परत आल्या त्या तोंड पाडून. "वेड्यांचा बाजार आहे नुसता. कारण नाही, काही नाही, हसायचं!" दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून चप्पल घातली.

मी नंतर वाचलं की ही कल्पना आपल्या मुंबईतलीच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ला अंधेरीच्या लोखंडवालात अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला क्लब भरवला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि उरलेले ऐकून लोक नाराज व्हायला लागले, मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. आता मेच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिनच असतो.

एकदा आईंना सोडायला गेले आणि थांबले. लस्सीचं हास्य चाललं होतं. दोन्ही हातांत नसलेले पेले. या पेल्यातली नसलेली लस्सी त्या पेल्यात, त्यातली या पेल्यात, आणि मग मान मागे टाकून गटागटा हसत प्यायची. आमच्या आई, ज्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा पदर सावरून दोन घोट मठ्ठा घेणार, त्या ती लस्सी अशी पीत होत्या की मलाच ओठ पुसावेसे वाटले.

फायदा म्हणाल तर बीपीची गोळी तीच आहे, तेवढीच आहे. डॉक्टरांनी काही कमी केलेली नाही. पण दोन दिवस गेल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी फोन येतो. डेंग्यू झाला तेव्हा तीन घरांतून डबा आला. यात हसण्याचा वाटा किती आणि माणसांचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही. एक मात्र सांगते, हर्निया असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर असं पोटातून हसू नये. त्यांच्या क्लबात ते पहिल्याच दिवशी विचारतात.

घडीमोड

मला या धाग्याच्या विरुद्ध बाजूनं लिहायचंय.

साड्यांच्या दुकानात सहा वर्षं काढली. दुकानाचं नाव सांगत नाही. मालकांनी काउंटरच्या आतल्या बाजूला आरसा लावला होता, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा. तो आमच्यासाठी. चेहरा पडला की त्यांची नजर आरशाकडे जायची, मग आमची. लग्नसराईत एकेका कुटुंबासमोर साठ-सत्तर साड्या उलगडायच्या, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा आणि शेवटी "जरा फिरून येतो" ऐकून हसतच म्हणायचं, "या ना ताई, आपलंच दुकान आहे." रात्री घड्या घालताना जबडा असा दुखायचा जसा दिवसभर ऊस खाल्लाय.

घरी गेल्यावर लेक विचारायची, "आई, रागावलीस?" रागावले नव्हते गं, चेहरा उतरवून ठेवला होता. जसे दागिने उतरवतो तसा.

पुढे कळलं की याला नावसुद्धा आहे. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन बाईंनी १९८३मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' असं म्हटलं होतं. म्हणजे हे काम आहे, पण पगाराच्या चिठ्ठीवर त्याचा रकाना नाही. आता मी घरूनच पिको-फॉल करते. हसते कमी. पण जेव्हा हसते तेव्हा लेकीला विचारावं लागत नाही.

शंकेखोर

घडीमोड ताई, तुमचं लिहिणं वाचून माझा पुस्तकी प्रतिसाद पुन्हा लिहिला. मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे, सहन करा.

फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२मध्ये एक ग्रंथ छापला. माणसांच्या चेहऱ्याला विजेचे हलके झटके देऊन कोणता स्नायू काय करतो ते त्यांनी पाहिलं होतं. त्यात आढळलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपलं ऐकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा दाद देत नाही. आरशात बघून मालकांना जे हवं होतं, ते ओठांपाशीच संपत असणार.

मग प्रश्न असा की नुसतं ओठांचं हसू मनापर्यंत पोचतं का? १९८८मध्ये फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी लोकांना दातांत पेन धरायला लावून (तसं धरलं की चेहरा आपोआप हसरा होतो) व्यंगचित्रं दाखवली, आणि त्या लोकांना ती जास्त गमतीदार वाटली. कित्येक वर्षं हे पाठ्यपुस्तकात होतं. २०१६मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि हाती काही लागलं नाही. २०२२मध्ये १९ देशांतल्या जवळजवळ ३,९०० लोकांवर झाला तेव्हा दिसलं की हसऱ्या फोटोची नक्कल केली किंवा मुद्दाम गाल ओढले तर थोडं, अगदी थोडं बरं वाटतं. पेनाचं काही पक्कं ठरलं नाही.

आणखी एक. कॅन्सस विद्यापीठात १६९ जणांच्या तोंडात चॉपस्टिक धरायला देऊन त्यांना त्रासाची कामं दिली, त्यातलं एक म्हणजे बर्फाच्या पाण्यात हात बुडवणं. काम संपल्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या हृदयाचे ठोके जरा लवकर खाली आले. हे २०१२चं. म्हणजे इंजेक्शन घेताना दात दाखवायला हरकत नाही. पण सहा वर्षं, रोज दहा तास, समोर आरसा, असा प्रयोग कुणी केलेला नाही. तो ताईंनी केला.

अर्धा कप

शंकेखोर, मला फिजिओवाल्या ताई रोज वीस वेळा 'हसा' म्हणायच्या. आनंद काही झाला नाही बुवा. पहिल्यांदा शिट्टी वाजली त्या दिवशी मात्र झाला.

कपाशी

मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. आमच्या गावात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड लई. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की नुकसान करते म्हणतात. लहानपणी पक्के दात हिरड्यात तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं की दात निघतानाच पिवळे-तपकिरी पट्टे घेऊन निघतात. घासून जात नाहीत. आमच्या वर्गात सगळ्यांचेच तसे होते, त्यामुळं दहावीपर्यंत मले माहीतच नव्हतं की माझ्या दातात काही वाईट आहे.

कॉलेजले नागपूरले गेली. होस्टेलच्या पहिल्या रात्री एक पोरगी म्हणाली, "ब्रश नाही करत का गं?" तेव्हापासून तोंडावर हात. हसू आलं की हात आपोआप वर. लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत दात नाही. फोटोग्राफर "स्माइल, वहिनी" म्हणून म्हणून थकला. माझ्या आईनं जिंदगीभर सांगितलं, बाईच्या जातीनं खिदळू नये. मी तर तिच्याहून पुढं गेली.

पोरगा तीन वर्षांचा असताना एक दिवस पाहिलं. टीव्हीत काहीतरी गमतीचं लागलं आणि तो तोंडावर हात ठेवून हसला. त्याचे दात दुधासारखे पांढरे. त्याले वाटे, हसायची रीतच अशी आहे.

त्या दिवसापासून हात खाली ठेवाची सवय केली. वर्षभर लागलं. मधात एकदा दाताच्या डॉक्टरनं समोरच्या चार दातांवर लेप लावून देतो म्हणून खर्च सांगितला. तेवढ्या पैशात घरी पाणी गाळाचं मशीन घेतलं, फ्लोराइड काढणारं. दात तसेच आहेत. तब्येतीले काय झालं ते माहीत नाही, पण मावसबहीण म्हणते, "तुझा आवाज मोठा झाला गं." हाताआडून बोलत होती ना इतके दिवस.

हाफ तिकीट

एसटीत कंडक्टर होतो, एकोणतीस वर्षं. थोडक्यात सांगतो. "सुट्टे द्या" हे आधी हसून म्हटलं तर दहातले सात जण खिसे चाचपतात. कपाळाला आठी घालून म्हटलं तर दहाही जण म्हणतात, नाहीत. आता मोबाइलनं पैसे देतात म्हणे. भांडणाचं निमित्त गेलं, बोलण्याचंही गेलं.

अटलांटिकपार

न्यू जर्सीत चौदा वर्षं. इथे फुटपाथवर अनोळखी माणूसही नजर मिळाली की हसतो, त्याला काही अर्थ नसतो, तो फक्त रस्ता देतो. ती सवय लागली. पुण्यात सुट्टीवर आलो तेव्हा सकाळी कर्वे रोडवर समोरून येणाऱ्या आजोबांकडे पाहून हसलो. ते थांबले. चष्मा वर केला. "कोण आपण?" म्हटलं, कुणी नाही, सहज. "सहज?" पाच मिनिटं चौकशी झाली, आडनाव, मूळ गाव, कुणाचे कोण. शेवटी त्यांच्या मेहुण्यांचे शेजारी माझ्या आत्याचे दीर निघाले. जर्सीतल्या चौदा वर्षांच्या हसण्यातून एवढी माहिती निघाली नव्हती.

रात्रपाळी

बाळ सहा आठवड्यांचं आहे. त्याआधी झोपेत हसायचं, आजी म्हणायची सटवाई हसवते. डॉक्टर म्हणाले, माणसाकडे बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं. काल पहाटे साडेतीनला लंगोट बदलत होते, डोळे चिकटलेले, मनात बाळाला नाही नाही ते बोलत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसलं. बस्स. ओलं दुपटं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

पडवी

माझा अनुभव न हसणाऱ्या माणसाचा आहे, चालेल ना?

आमचे बाबा निवृत्त मास्तर, वेंगुर्ल्याचे. मालवणीत असे टोले हाणायचे की समोरचा घरी पोचल्यावर हसायचा. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. हाताचा कंप सगळ्यांना दिसतो, चेहऱ्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही. स्नायू हळूहळू कडक होतात, पापण्या कमी लवतात, चेहरा मुखवट्यासारखा थांबतो. गणपतीला आलेले पाहुणे कुजबुजले, "भाऊ आता पूर्वीसारखे नाय रवले." माझ्या मनातही तेच होतं. न्यूरॉलॉजिस्टनी पुढच्या भेटीत सांगितलं, चेहऱ्यावरून यांच्या मनाचा अंदाज बांधू नका, हसायची इच्छा आतमध्ये तशीच असू शकते.

तोवर माझ्या सात वर्षांच्या मुलीनं त्यांना नाच दाखवणं, कविता म्हणून दाखवणं थांबवलं होतं. "आजोबांना आवडत नाही." मी तिला आजार समजावून सांगितला, तिला तो पटला नाही. मुलांना पुरावा लागतो.

पुरावा तिनंच शोधला. एका दुपारी पडवीत ती त्यांना शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवत होती, माझ्या आग्रहाखातर, कंटाळत. मध्येच थांबली. "आई, बोट बघ." आरामखुर्चीच्या हातावर त्यांचं उजवं मधलं बोट दोनदा आपटलं होतं. कंप वेगळा असतो, तो डाव्या हाताला आहे. तिनं पुन्हा नक्कल केली. पुन्हा दोनदा टकटक. चेहरा भिंतीसारखा, डोळे मात्र तिच्यावर रोखलेले.

तेव्हापासून घरात नियमच झाला, दोन टकटक म्हणजे आजोबा हसले. पाहुणे आले की ती आधीच सांगून ठेवते. माझा मावसभाऊ, जो फोनवर बोलायचंसुद्धा टाळायला लागला होता, तो परवा अर्धा तास बसून बाबांना शाळेतले जुने किस्से सांगत होता आणि प्रत्येकानंतर बोटाकडे बघत होता.

काल एका किश्शाला तीन टकटक आल्या. तीनचा अर्थ अजून ठरलेला नाही. माझं मत, जोरात हसले. मुलगी म्हणते, ठसका.